पंधरा सेकंदांची तबकडी

नवरात्रात बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या एखाद्या मैदानावर गरबा पाहायला गेलात, तर मंचावर की-बोर्ड वाजवणारा वादक तुम्हांला हमखास दिसेल. सनई, बासरी, ढोल, व्हायोलिन असे नाना आवाज तो एकाच वाद्यातून काढतो. समजा, ऐन रंगात आलेल्या गाण्यात क्षणभर वीज गेली आणि लगेच आली. दिवे लागले, कर्णे बोलू लागले. पण की-बोर्डमधली सनई मात्र गायब! असे का व्हावे?

याचे उत्तर वाद्याच्या स्मृतीत आहे. उदाहरणादाखल जपानच्या कोर्ग कंपनीचा ट्रायटन हा की-बोर्ड घेऊ. तो १९९९ साली बाजारात आला. त्यात कारखान्यातून भरलेले आवाज कायमचे असतात. परंतु वादकाने स्वतः ध्वनिमुद्रित करून घातलेली सनई ज्या स्मृतीत राहते, ती विजेच्या प्रवाहावर जगते. प्रवाह थांबला की पाटी कोरी! म्हणून असे आवाज वाद्याबाहेरच्या साठ्यात जपून ठेवावे लागतात आणि वाद्य सुरू केल्यावर पुन्हा आत भरावे लागतात. ट्रायटनमध्ये त्यासाठी साडेतीन इंची फ्लॉपीची सोय होती.

आता थोडे गणित करू, वही-पेन्सिल घ्या. हे वाद्य आवाजाची उंची एका सेकंदात ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मोजमाप २ बाइटमध्ये लिहिते. म्हणजे एका सेकंदाला ९६,००० बाइट झाले. फ्लॉपीवर मावतात १४,७४,५६० बाइट. भागाकार केलात तर उत्तर येते १५ सेकंदांहून किंचित जास्त. एका अख्ख्या तबकडीवर सनईचे एवढेच सूर!

ट्रायटनची मूळ स्मृती १६ मेगाबाइटची. ती पूर्ण भरायची तर १२ फ्लॉपी लागतात. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५; आणि एका फेऱ्यात ९,२१६ बाइट वाचले जातात. या हिशेबाने एक फ्लॉपी वाचायला निदान ३२ सेकंद आणि बारांना सहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तबकड्या बदलण्याचा वेळ निराळाच. गरब्याच्या मैदानावर सहा मिनिटे म्हणजे फार झाली.

त्यात आपल्या मुंबईचा पावसाळा! फ्लॉपीच्या पातळ चकतीवर चुंबकीय कणांचा लेप असतो. दमट हवेत त्यावर बुरशी धरते. वाचणारे डोके चकतीला घासूनच फिरते. त्यामुळे लेप खरवडला जातो आणि डोकेही माखते. अशी एक तबकडी घातली की पुढच्या चांगल्या तबकड्यांनाही धोका. नव्या आणाव्यात म्हटले तर तेही कठीण, कारण सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी बनवणे थांबवले.

मग काय घ्यावे? पुष्कळजण लॅमिंग्टन रोडवर जाऊन सर्वांत मोठा पेनड्राइव्ह मागतात. येथेच चूक होते. साठा केवढा आहे यापेक्षा वाद्याला त्याची भाषा कळते का, हे महत्त्वाचे.

वाद्याला फक्त फ्लॉपीची जागा असेल, तर फ्लॉपीचे सोंग घेणारे यंत्र मिळते. याला बहुरूपीच म्हणा ना! ते फ्लॉपीयंत्राच्या जागी बसते आणि त्याच ३४ तारांच्या पट्टीला जोडले जाते. मागे पेनड्राइव्ह लावायचा. वाद्य विचारते, "चकती फिरते आहे का?" बहुरूपी तसे स्पंद पाठवून म्हणतो, "हो, फिरते आहे." पेनड्राइव्हचे अनेक कप्पे होतात आणि प्रत्येक कप्पा वाद्याला एकेक फ्लॉपी वाटतो. दर्शकावर तीन आकडे असतील तर ००० ते ९९९ असे हजार कप्पे! मात्र एका कप्प्यात फ्लॉपीइतकेच मावते आणि वाचनाचा वेगही फारसा वाढत नाही. शिवाय काही वाद्ये ७२० किलोबाइटची जुनी फ्लॉपीच ओळखतात, तर काहींमध्ये त्या तारांवरचे संकेत निराळे असतात. म्हणून वाद्याची पुस्तिका आधी वाचावी.

वाद्याला 'स्कझी' नावाची जोडणी असेल, तर मार्ग अधिक प्रशस्त. ट्रायटनमध्ये ती वेगळी बसवून घ्यावी लागे. तिच्यावर पूर्वी हार्ड डिस्क किंवा १०० मेगाबाइटची झिप तबकडी लावीत; आज मेमरी कार्डावर चालणारी स्कझी यंत्रेही मिळतात. या साखळीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो आणि दोन्ही टोकांना रोधक लावावे लागतात. ते कशासाठी? दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसरे झटकून पाहा. लाट भिंतीवर आपटून परत येते. तारेच्या मोकळ्या टोकावरून विजेचे स्पंदही असेच परततात आणि नव्या संदेशात मिसळून घोटाळा करतात. रोधक त्या स्पंदांना तेथेच गिळून टाकतो. (साखळी चालत नसेल तर मी प्रथम हे टोकच तपासतो.)

उरला प्रश्न आकाराचा. काही जुनी वाद्ये साठ्याच्या कप्प्यांना १६ अंकी द्विमान क्रमांक देतात. असे क्रमांक होतात ६५,५३६. एक कप्पा जास्तीत जास्त ३२ किलोबाइटचा धरला, तर एकूण २ गिगाबाइट. ६४ गिगाबाइटचे कार्ड लावले तर वाद्य ते ओळखणार नाही, नाहीतर त्याचा थोडाच भाग वापरील. अशा वाद्याला छोटे कार्डच बरे.

आणि खरेदीआधी एक काम उरकावे. जुन्या फ्लॉपी अजून वाचता येत आहेत तोवर त्यांच्या प्रती संगणकावर घ्याव्यात. ज्या तबकडीवर बुरशीचे ठिपके दिसतील ती मात्र सगळ्यांत शेवटी, वाचणारे डोके खराब झाले तरी चालेल अशा जुन्या यंत्रात घालावी.