पोरांना गुपचूप रायगड

सुट्टीत पोरं वाडीत तुमच्या हाताखाली राबतात, त्यांची नुसत्या खाऊवर बोळवण करू नका. चिंचणीच्या पोरांना समुद्राचं काय कौतुक? त्यांना डोंगर दाखवा. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना १९८८ पासून आहे. पास ४ किंवा ७ दिवसांचा, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मा दर. साध्या तिकिटात महिलांना मार्च २०२३ पासून अर्धी सवलत आहे, तेव्हा स्वस्त काय पडतं ते बोईसर आगारात विचारा.

इतिहासाच्या पुस्तकात, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या पानावर चिठ्ठी ठेवा: ‘उद्या पहाटे इथंच जायचंय.’ घरातल्या म्हाताऱ्यांना मात्र आधी सांगा (बेत फुटला तर फुटला!), गुरांना चारापाणी कोण करणार तेही ठरवा. गड सकाळीच चढा, उन्हात रोपवे बरा. पाऊस लागायच्या आत परता, भाताची रोपं टाकायची आहेत.