पायांतील अशक्तता आणि गावची विहीर

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, किरकटवाडी-धायरीकडील भागात, ‘गुलेन-बॅरी सिंड्रोम’ अर्थात ‘जीबीएस’ या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. पुढील काही आठवड्यांत पुणे व आसपासच्या संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली. त्यांपैकी काहींच्या शौचनमुन्यांत ‘कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आढळला. दूषित पाणी आणि अर्धवट शिजलेले मांस यांतून तो पोटात जातो.

या जिवाणूच्या आवरणातील काही घटक आपल्या मज्जातंतूंवरील घटकांसारखे असतात. त्यामुळे जिवाणूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित प्रसंगी स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला चढवितात. मेंदूचा आदेश स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही व स्नायू दुबळे पडतात. हा विकार माणसाकडून माणसाला होत नाही. अन्य संसर्गांनंतरही तो उद्भवू शकतो.

जुलाब होऊन गेल्यावर साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, उठणे-चालणे जड जाते आणि अशक्तता वर सरकते. श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास रुग्णास कृत्रिम श्वसन द्यावे लागते. इम्युनोग्लोब्युलिन किंवा रक्तद्रव बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास अधिक गुणकारी ठरतो. बहुतेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा चालू लागतात. म्हणूनच ‘अंगावरून वारे गेले’ असे समजून मालिश करण्यात दिवस दवडू नयेत. रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय एकाएकी लुळे पडल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. पोलिओ सर्वेक्षणासाठी अशा प्रत्येक मुलाची नोंद आवश्यक असते.

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभा दगड सच्छिद्र आहे. पहिल्या पावसाबरोबर परिसरातील घाण झिरपून विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. म्हणून ग्रामपंचायतीने विहिरीचा कठडा व भोवतालचे गटार मृगापूर्वीच दुरुस्त करून घ्यावे. जलसुरक्षकाने टीसीएल पावडर नियमित टाकावी आणि शेवटच्या नळाच्या पाण्याची ओ. टी. चाचणी घ्यावी. तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. जीबीएसचा प्रत्येक रुग्ण यामुळे टळेल असे नाही. परंतु ज्या जुलाबांतून तो पुष्कळदा उद्भवतो, ते रोखणे गावाच्या हाती आहे.