पावलांच्या हिशेबाचं मैदान

कबड्डीचं मैदान मध्यरेषेवर दुमडलं, तर एक अर्ध दुसऱ्यावर तंतोतंत बसतं. दोन्ही संघांना जागा सारखी, म्हणून खेळ न्याय्य. 'काउंटर-स्ट्राइक' या संगणकीय खेळातलं 'डस्ट-टू' हे मैदान, म्हणजे मॅप, असं दुमडता येत नाही. तरीही २००१ साली आलेला हा मॅप आजही खेळला जातो. याच्या बोळांतून वाढलेली एक पिढी पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्येही होती.

तो रचणारा डेव्ह जॉन्स्टन तेव्हा विशीच्या आतला ब्रिटिश तरुण होता. १९९९ मध्ये त्याने 'डस्ट' हा मॅप केला होता. 'डस्ट-टू' हा त्याचा पुढचा भाग.

पाच विरुद्ध पाच. हल्ला करणाऱ्यांनी 'ए' किंवा 'बी' या दोनपैकी एका साइटवर बॉम्ब लावायचा, बाकीच्या पाचांनी त्यांना अडवायचं. लावलेला बॉम्ब ४० सेकंदांत फुटतो. तो निकामी करायला १० सेकंद लागतात, त्यासाठीचं किट असेल तर ५.

आता वाटा पाहा. एका कडेने लांबलचक, उघडी 'लाँग' ए साइटकडे जाते. दुसऱ्या कडेचे अंधारे बोगदे बीकडे नेतात. मधोमध 'मिड' असतो आणि तिथून एक उंच, अरुंद वाट पुन्हा ए साइटकडे चढते. बचाव करणारे दोन्ही साइटच्या मध्ये उभे असतात, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे ते लवकर पोहोचतात. हल्लेखोरांना लांबून यावं लागतं, पण कुठे घुसायचं हे ते ठरवतात. एकाकडे अंतर, दुसऱ्याकडे निवड. शिवाय अर्ध्या सामन्यानंतर बाजू बदलतात, म्हणजे दोन्ही भूमिका सगळ्यांच्याच वाट्याला येतात.

खरी कारागिरी मात्र वेळेच्या मापात आहे. लाँगच्या दारांशी दोन्ही संघ जवळजवळ एकाच क्षणी येतात. भिंत थोडी मागे सरकवली, वाटेत एखादं वळण घातलं, की तो क्षण एका बाजूला झुकतो आणि त्या दारावरची झुंज संपते. मॅप रचणारा अंतर आखतो, पण मोजतो ते सेकंद.

नजरेचंही तसंच. मिडच्या दोन दारांमधल्या फटीतून हल्लेखोरांचा स्नायपर कित्येक वर्षं बीकडे पळणाऱ्यांचा वेध घेत असे. नेम चुकला तरी किती जण गेले ते कळायचं, आणि ती माहितीही गोळीइतकीच मोलाची. धुराचा गोळा टाकला की तीच फट बंद होते, म्हणजे खेळाडू स्वतः काही सेकंदांपुरती भिंत उभारतो. २०१७ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने या मॅपला नवं रूप दिलं, तेव्हा मूळ वाटा राखल्या आणि खेळाडू पार्श्वभूमीत हरवू नयेत याची काळजी घेतली.

वाटांची वेळ अशी मोजलेली असते, म्हणूनच बी साइटवर एकटा थांबलेला मुरलेला खेळाडू गोळीआधी शांतता ऐकतो. बोगद्यातून धावत येणाऱ्याची पावलं कधी वाजायला हवीत, हे त्याला पाठ असतं. ती वेळ टळली आणि पाऊल वाजलंच नाही, तर कुणी दबकत येतंय, नाहीतर सगळे ए साइटकडे वळलेत. आता त्याला ठरवायचं असतं: थांबायचं की साथीदारांकडे धावायचं.