खारीक भिजायला एक रात्र लागते

रमजानचा शेवटचा आठवडा लागला, की सिल्लोडच्या किराणा दुकानांची मांडणी बदलते. एरवी मागे असलेल्या खारीक, चारोळी, बेदाण्यांच्या बरण्या पुढे येतात. बारीक शेवयांचे गठ्ठे थेट दारात लागतात. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये विचारणा सुरू होते, ‘मॅडम, यंदा ईद शुक्रवारी की शनिवारी?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘डबा कधी?’ असा असतो, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि मलाही.

त्या डब्यातल्या पदार्थाला बरेच जण ‘शेवयांची खीर’ म्हणतात. त्यात वावगे काही नाही, पण नावाकडे जरा पाहावे. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. दोन्ही शब्द फारसी. नावात शेवया कुठेच नाहीत! गंमत अशी, की फारसीतला ‘शीर’ आणि संस्कृतातले ‘क्षीर’ हे शब्द एकाच कुळातले. त्याच क्षीरावरून मराठीत ‘खीर’ आली. म्हणजे शीरखुर्म्याला खीर म्हणणारा माणूस नकळत चुलत भावाला भावाच्या नावाने हाक मारतो. खीर तर तो आहेच, पण खजुराची. शेवया त्यात मागाहून बसलेल्या पाहुण्या आहेत.

ईदच्या सकाळी खजूरच का? महिनाभर रोजा सोडताना पहिला मान खजुराचा असतो. ईद-उल-फित्रच्या दिवशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) नमाजला निघण्यापूर्वी विषम संख्येत खजूर खात, असे हदीसमध्ये आले आहे. कालपर्यंत ज्या वेळी तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नव्हता, त्याच वेळी आज खाऊन बाहेर पडायचे. उपवासांचा महिना संपला, हे आधी जिभेला कळते. आपल्याकडे त्या खजुराला दुधाची सोबत मिळाली आणि नमाजला निघण्याआधी वाटीभर शीरखुर्मा घेण्याचा रिवाज पडला.

मराठवाड्यात हा पदार्थ रुळायला अडचण नव्हतीच. हा सगळा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिकडच्या लग्नांत जर्दाळू शिजवून, वर मलई घालून केलेला ‘खुबानी का मीठा’ आजही मानाचे पान आहे. सुकवलेले फळ आणि दुधाची साय यांची मैत्री दख्खनला जुनी. शेवया तर गावोगाव उन्हाळ्यात पाटावर वळल्या जातात. कुरडया, पापड आणि शेवया यांच्या वाळवणाला धर्म विचारण्याची पद्धत नाही. ईदला मात्र हातशेवयांऐवजी केसासारख्या बारीक शेवया लागतात, एवढाच फरक.

आता कृती. ती ईदच्या आदल्या दिवशी सुरू होते, हे आधीच सांगते. सात-आठ माणसांचे घर आणि चार-पाच डबे एवढ्यासाठी दोन लिटर म्हशीचे दूध घ्यावे. १५० ग्रॅम खारीक, ७५ ग्रॅम बारीक शेवया, बदाम, काजू, चारोळी आणि बेदाणे प्रत्येकी ५० ग्रॅम, २५ ग्रॅम पिस्ते, सुक्या खोबऱ्याचे मूठभर पातळ काप, चार-पाच मोठे चमचे साजूक तूप, १५० ग्रॅम साखर, वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर जायफळ. केशर असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

खारीक रात्रभर भिजली पाहिजे. हा या पदार्थाचा पहिला आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम. गरम पाण्यात तासभर टाकून काम भागवले, तर वरून मऊ झालेली खारीक आतून चामट राहते. भिजल्यावर बी काढून तिचे उभे, बारीक काप करायचे. न भिजलेली खारीक कापायला आमच्याकडे सरौता काढतात, मराठी घरांत त्यालाच अडकित्ता म्हणतात. बदाम-पिस्ते भिजवून, सोलून त्यांचेही काप करावेत. चारोळी थोडा वेळ भिजवून कापडावर चोळली, की तिची साले सुटतात.

दुसरा नियम भाजण्याचा. सगळा मेवा एकदम कढईत ओतू नये, कारण प्रत्येकाची वेळ वेगळी असते. जाड बुडाच्या कढईत तूप घालून मंद आचेवर आधी खारकेचे निथळलेले काप परतावेत. त्यांच्यातले पाणी आटते, कडा तांबूस होतात, साखर जळू लागण्याच्या किंचित आधीचा खमंग वास येतो. तिथेच ते काढायचे. मग बदाम आणि काजू, मग चारोळी. खोबरे बघता बघता करपते, म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवू नये. पिस्ते नुसते तुपातून फिरवले तरी पुरे, नाहीतर त्यांचा हिरवा रंग जातो. बेदाणे फुगून गोल झाले, की लगेच उचलावेत. उरलेल्या तुपात शेवया बदामी रंगावर भाजाव्यात.

दूध मंद आचेवर उकळत ठेवावे. कडेला जमणारी साय खरवडून पुन्हा दुधात सोडत राहावी. शीरखुर्म्याचा मलईदारपणा इथून येतो. डब्यातले आटवलेले गोड दूध किंवा दुधाची पावडर घातल्याने दाटपणा येतो, पण ती चव येत नाही. दूध साधारण पाऊण झाले, की परतलेली खारीक त्यात घालून पंधरा-वीस मिनिटे शिजू द्यावी. खारीक दूध पिऊन फुगते आणि आपली गोडी दुधाला देते. साखर त्यानंतरच, चाखून घालावी. पुष्कळदा ठरवलेल्यापेक्षा कमी लागते. मग मेवा आणि शेवटी शेवया. शेवया शिजायला तीन-चार मिनिटे बास. आच बंद केल्यावर बेदाणे घालावेत, कारण आंबूस बेदाणे उकळत्या दुधात पडले तर दूध फाटण्याची भीती असते. वेलदोडा-जायफळही तेव्हाच.

हे सगळे होताना भांड्यातला शीरखुर्मा थोडा पातळच दिसला पाहिजे. शेवया तासाभरात दूध ओढून घेतात. दोन वाट्या गरम दूध बाजूला राखून ठेवले, तर दुपारच्या पाहुण्यांसमोर घट्ट गोळा ठेवण्याची वेळ येत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे ईद कधी थंडीत येते, कधी भर उन्हाळ्यात. थंडीत तो वाफाळता द्यावा, उन्हाळ्यात गार करून. मधुमेह असलेल्यांना मात्र वाटी लहान द्यावी. साखर कमी केली तरी खारीक आणि बेदाणे गोडच असतात.

एका वाटीत किती मुलूख जमा होतात, तेही पाहण्यासारखे आहे. दूध आणि गहू आपल्या तालुक्यातले, बेदाणे तासगाव-सांगलीकडचे, काजू कोकणातला, चारोळी जंगलात वेचलेली. खारीक मात्र वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर सीमेपलीकडून, सिंधमधून येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लागले आणि मे २०२५ मध्ये तिकडची आयातच बंद झाली. परराष्ट्र धोरणाची झळ कधीकधी ईदच्या पातेल्यापर्यंत पोहोचते. परवडत नसेल तर खारकेऐवजी साधा मऊ खजूर चालतो. तो भिजवावा लागत नाही, तुपात मिनिटभर परतून अगदी शेवटी घालावा.

परवडण्याचा विषय निघाला, म्हणून एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ईद-उल-फित्रला जोडूनच एक दान सांगितलेले आहे, सदका-ए-फित्र. बोलीत आपण त्याला फितरा म्हणतो. ऐपत असलेल्याने स्वतःचा आणि आपल्या लहान मुलांचा फितरा ईदच्या नमाजआधी गरिबाला द्यायचा. त्या दिवशी कोणाच्याही घरी चूल थंड राहू नये, हा त्यामागचा हेतू. हदीसमध्ये फितरा मोजण्यासाठी ज्या वस्तू आल्या आहेत, त्या वाचताना मला नेहमी थबकायला होते. धान्य, जव, खजूर, मनुका आणि सुकवलेले दही. जव सोडले तर जवळजवळ शीरखुर्म्याचीच यादी! गहू शेवयांत आहे, खजूर आहे, मनुका आहे, दूध आहे. ज्या वस्तूंनी दुसऱ्याचा हक्क मोजायचा, त्याच वस्तू ईदच्या सकाळी आपल्या वाटीत असतात.

आपल्याकडे बहुतेक मशिदींतून गव्हाच्या हिशेबाने फितरा जाहीर होतो. माणशी साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. गहू ३५ रुपये किलो धरला, तर पाच जणांच्या घराचा फितरा तीनशे रुपयांच्या आसपास जातो. तो दिला की जबाबदारी पूर्ण होते, यात शंका नाही. पण खजुराचा हिशेब माणशी सुमारे साडेतीन किलोंचा आहे. साधा खजूर ३०० रुपये किलो धरला तरी तेच घर पाच हजारांच्या वर जाते. ज्यांना अल्लाहने दिले आहे, त्यांनी खजुराच्या किंवा मनुक्याच्या हिशेबाने फितरा काढावा, असे उलेमा सांगत आले आहेत. आपल्या पातेल्यात पिस्ते पडत असतील आणि फितरा मात्र गव्हाचा निघत असेल, तर एकदा हिशेबाची वही उघडून पाहायला हरकत नाही.

त्याहून महत्त्वाची आहे वेळ. ‘नमाजआधी’ म्हणजे नमाजला जाता जाता, असा अर्थ पुष्कळ जण घेतात. ईदगाहच्या वाटेवर नोटा वाटल्या जातात. पण सकाळी सात वाजता हातात पैसे आलेल्या बाईने काय करायचे? दूध संपलेले, दुकान बंद, मुले नवे कपडे घालून दारात उभी. आणि खारीक भिजायला तर एक रात्र लागते. पैगंबरसाहेबांचे सहाबी ईदच्या एक-दोन दिवस आधीच फितरा देत, अशी नोंद हदीसमध्ये आहे. हनफी फिक्हनुसार तो रमजानमध्ये त्याहूनही आधी देता येतो. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही यामागचे शहाणपण समजावून सांगावे लागणार नाही. घेणाऱ्यालाही तयारीला वेळ हवा. हातात आयती वाटी घेणे वेगळे आणि आपल्या चुलीवर, आपल्या हाताने केलेला शीरखुर्मा शेजाऱ्याला पाठवणे वेगळे. ईदला माणसाला घेणारा होण्यापेक्षा देणारा होण्याची हौस जास्त असते, आणि ती हौस गरिबालाही असते.

कारण शीरखुर्मा हा मुळी घरातल्या घरात खाऊन संपवायचा पदार्थ नाही. तो दूध-तुपाचा असल्याने शाकाहारी शेजारीही तो आनंदाने घेतात. ज्यांच्याकडे आमच्या भांड्यातले चालत नाही, त्यांच्याकडे काही घरांतून दूध, शेवया, साखर आणि मेवा असा कोरडा शिधा जातो. त्या घरची काकू तो आपल्या पातेल्यात करते. कोणी कमीपणा मानत नाही. डबा रिकामा परत करायचा नसतो, ही रीत तर सगळ्या आळ्यांत एकच. कधी त्यात चिमूटभर साखर येते, कधी घरच्या झाडाची लिंबे, आणि दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या रूपाने सगळा हिशेब फिटतो.

तेव्हा यंदा सुकामेव्याची यादी कराल, त्याच कागदावर पहिली ओळ फितऱ्याची लिहा आणि बाजारात जाण्याआधी ती ओळ खोडून टाका. कामाला येणारी बाई, गल्लीतली विधवा, हंगाम हातचा गेलेला शेतमजूर, कोणाला द्यायचे हे आपल्याला माहीत असते. आठवडाभर आधी दिलेले पैसे बाजाराच्या दिवशी उपयोगी पडतात. चाँदरातीला आपल्या ओट्यावर खारीक भिजत पडेल, त्या वेळी आणखी एका घरातही ती भिजत पडलेली असावी.