झोपेत दात खाता? व्यवसायातलं सगळ्यात महागडं मशीन झिजतंय!



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण मशीनच्या मेंटेनन्सबद्दल बोललो. आज त्या यादीतल्या पहिल्या मशीनबद्दल बोलू. ते मशीन म्हणजे तुम्ही स्वतः.

लोन मंजूर झालं, दुकानाचं डिपॉझिट भरलं, माल आला. आणि त्याच सुमारास घरचे सांगतात, "तुम्ही रात्री करकर दात खाता." बहुतेक जण हसून सोडून देतात. तुम्ही सोडू नका, कारण याचं बिल पुढे येतं आणि ते मोठं असतं.

हे नेमकं काय आहे?

डॉक्टर याला ब्रुक्सिझम म्हणतात. मोठ्या माणसांत साधारण शंभरात आठ-दहा जणांना झोपेत दात खायची सवय असते. झोप मधेच उथळ होते, जबड्याचे स्नायू आवळतात आणि दात एकमेकांवर घासतात. आपल्याला पत्ताच नसतो.

आपल्याकडे लगेच म्हणतात, "जंत झाले असतील." पण मोठ्या माणसात कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. ताण, उशिरापर्यंत चहा-कॉफी, तंबाखू, दारू, काही औषधं, झोपेत श्वास अडकणं, यांचा संबंध दिसतो. एकच एक कारण नसतं.

स्वतःला चार प्रश्न विचारा:

- सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो का? कानशिलं दुखतात का?
- थंड पाणी दाताला झोंबतं का?
- दातांची टोकं सपाट झाली आहेत का?
- शेजारी झोपणाऱ्याला आवाज येतो का?

दोन उत्तरं "हो" असतील तर डेंटिस्टला दाखवायला हवं.

राइस मिलमधला रबर रोल आठवा

आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी हा आपला धानाचा पट्टा. मिलमध्ये धानाचं तूस काढायला दोन रबर रोल वेगवेगळ्या वेगाने फिरतात. रोल रबराचे का? तांदळाची कणी कमी व्हावी म्हणून. रोल झिजतो, तो बदलता येतो. मिलवाला त्याचा खर्च आधीच धरून ठेवतो.

रात्रीचा माउथगार्ड म्हणजे तोंडातला रबर रोल. दोन दातांच्या मधे बसतो आणि दाताऐवजी स्वतः झिजतो. दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे, पण एकदा झिजला की परत उगवत नाही. गार्ड मात्र नवा मिळतो.

एक गोष्ट स्पष्ट समजून घ्या. गार्ड दात वाचवतो, पण दात खाण्याची सवय थांबवेलच असं नाही.

कुठला घ्यायचा?

ऑनलाइन काही शे रुपयांत गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड मिळतो. तो नीट बसला नाही तर जबडा दुखतो, कधी दातांची ठेवणही बदलते. खेळाडूंचा गार्ड तर वेगळ्याच कामासाठी असतो. चांगला पर्याय म्हणजे डेंटिस्टकडून मापाचा करून घेणं. ते दातांचा ठसा घेतात, त्यावरून साचा होतो आणि लॅबमध्ये मऊ किंवा कडक गार्ड बनतो. कुठला ते तुमचे दात बघून डेंटिस्टने ठरवायचं.

याला काही हजार लागू शकतात. जास्त वाटतं? मग हिशेब करा. एक दात तुटला तर रूट कॅनल, वर कॅप, तीन-चार चकरा, आणि प्रत्येक चकरेला दुकान बंद. तेही एकाच दातासाठी. खर्च परवडत नसेल तर आधी गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. नागपूरला 1968 पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथेही विचारा. जाण्याआधी फोन करून वेळ ठरवा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

खर्रा खाणाऱ्यांनो, हे आधी

आपल्या भागात हे बोलावंच लागेल. खर्र्यातल्या सुपारीनेही दात झिजतात आणि तंबाखूने झोप बिघडते. पण खरा धोका याहून मोठा आहे. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि आपली तीन बोटं एकावर एक, उभी आत घालून बघा. जात नसतील किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर गार्डचं नंतर बघू. आधी तोंड तपासून घ्या. सुपारीमुळे तोंड आखडण्याचा हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर गडचिरोली जिल्ह्यात 2016 पासून मुक्तिपथ अभियान सुरू आहे, त्यांच्याशी बोला.

तसंच तुम्ही जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा गल्ल्यावर बसल्या बसल्या डोळा लागत असेल, तर गार्ड करण्याआधी हे डॉक्टरांना सांगा.

गार्डची देखभाल

- सकाळी काढल्यावर साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवा. गरम पाणी नको, आकार बिघडतो.
- वाळवून भोकं असलेल्या डबीत ठेवा.
- आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.
- तपासणीला जाताना सोबत न्या. कुठे किती झिजला ते डेंटिस्टला त्यावरून कळतं.
- सुरुवातीच्या काही रात्री अवघड वाटेल. दुखत असेल तर सहन करत बसू नका, घासून नीट बसवून घ्या.

आता मशीनवरचा लोड कमी करा

रबर रोल चांगला आहे म्हणून कोणी मिल दुप्पट लोडवर चालवत नाही. तुम्हीही चालवू नका.

1. हिशेब अंथरुणात नको. संध्याकाळी दुकान बंद करतानाच वहीत तीन आकडे लिहा: आज आले किती, उद्या द्यायचे किती, उधारी कोणाकडे किती.
2. हप्त्याची तारीख भिंतीवर लिहा, डोक्यात ठेवू नका.
3. संध्याकाळी पाचनंतरचा चहा कमी करा.
4. दिवसभरात मधेमधे तपासा: ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात सुटे. गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा तुमचे दात आवळलेले असतात, हे लक्षात येईल!

याने सवय जाईलच अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. पण झोप सुधारेल, आणि झोप झालेला माणूस भाव नीट ठरवतो.

आजचं होमवर्क: घरच्यांना विचारा, "मी झोपेत दात खातो का?" ताईंनो, तुम्हीही विचारा. उत्तर "हो" आलं, तर डेंटिस्टची तारीख या आठवड्यातच ठरवा. धंद्याच्या वहीत "मेंटेनन्स" खाली गार्डचा खर्च लिहा आणि खाली कमेंटमध्ये फक्त "लिहिलं" एवढं टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शांत झोपा!