‘ल’चं वळण कोण ठरवतं?

नामपूरला घरी बसून इथल्या एका छोट्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल मी संगणकावर तयार केला. छापील प्रत हाती आली तेव्हा तीत ‘ल’ हिंदी वळणाचा, दंडयुक्त होता आणि ‘श’ शेंडीफोड्या. मोसमकाठच्या शाळेत आम्ही पाटीवर गिरवलेली ही अक्षरं नव्हेत. छापणारा म्हणाला, “वाचता येतंय ना सर, मग झालं!” मला ते पटेना. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ आहेत.

मग चूक कुठे झाली? युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठी ‘ल’ला एकच क्रमांक आहे. वळण ठरवण्याचं काम फॉन्टचं. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकूर मराठी आहे हे कळलं, तरच तो मराठी वळण काढतो.

माझा संगणक लिनक्सवर चालतो. तिथे फॉन्ट पॅकेजच्या रूपात येतात आणि अनेकदा सोबत सेटिंगची छोटी फाइल आणतात. या फाइलींच्या नावाआधी अंक असतो. त्या अंकांच्या क्रमाने वाचल्या जातात. कोणत्या फाइली वाचल्या जातात, हे पाहायला ‘एफसी-कॉन्फलिस्ट’ ही आज्ञा आहे. ‘एफसी-मॅच’ला मराठीचा ‘एमआर’ हा संकेत देऊन विचारलं, की निवडलेल्या फॉन्टचं नाव एका ओळीत मिळतं. या आज्ञा काहीही बदलत नाहीत, फक्त दाखवतात.

मला उत्तर मिळालं : लोहित देवनागरी. लोहित फॉन्ट मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले. त्यात मराठी वळण आहे. म्हणजे फॉन्ट निर्दोष होता.

दोष माझाच निघाला. लिबरऑफिसमध्ये अहवालाची भाषा ‘हिंदी’ राहिली होती. ती ‘मराठी’ केली आणि पानोपानीचे ‘ल’ पाकळ्या घेऊन उभे राहिले.

अहवाल पुन्हा छापला, खर्च मी सोसला. त्याच वाचनालयात मुलं अक्षरओळख करून घेतात. त्यांच्यासमोरचा ‘ल’ त्यांच्या पाटीवरचाच असायला हवा.