वाइनवर लिहायचे तर एक वेल लावा

वाइनचा शौक चाखण्यापासून सुरू होतो. पण तिच्यावर लिहिणाऱ्याने एक तरी वेल वाढवावी. युरोपात वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते, मुख्य छाटणी एकदाच होते आणि तोडा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. नाशिकला ती अशी विसावतच नाही. एप्रिलात फांद्यांसाठी खरड छाटणी, पाऊस सरता सरता फळासाठी गोडी छाटणी आणि तोडा बहुधा जानेवारी ते मार्च. म्हणून युरोपीय पुस्तकांतले ऋतूंचे आडाखे इथे चालत नाहीत. ऊन वाढले की मण्यातली साखर चढते, आंबटपणा झपाट्याने उतरतो. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर २३ ब्रिक्स दाखवत असला तरी बी चावून पाहावी. कच्ची बी हिरवट नि तुरट, पिकलेली तपकिरी नि कुरकुरीत. हा तुरटपणा रेड वाइनमध्ये उतरतो, कारण ती साली-बियांसकट आंबवतात.

चव सांगायला शेती कशाला, असा आक्षेप येईल. तयार जीभ चव ओळखतेच. पण ती तशी का झाली हे सांगायला वेलीचे वर्ष ठाऊक हवे, आणि वाचकाला नेमके तेच हवे असते. वेल लावायला जागा नसेल तर छाटणीच्या दिवसांत एखाद्या बागेत जा. घरच्या द्राक्षांची वाइन करायचा मोह होईल; मात्र महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाइन बनवणे दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे.